सत्तावीस नंबरचा कोट

माझ्या दुकानातला एकही कोट विकायचा नाही. दारावर तसं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे, तरी आठवड्यातून एक तरी गृहस्थ आत येतात आणि 'हा केवढ्याला?' असं विचारतात. मी पाटीकडे बोट दाखवतो. ते पाटी सावकाश वाचतात आणि म्हणतात, "पण समजा विकायचा असला तर?" पुण्यात दुकान चालवायचं तर अशा समजांना उत्तरं द्यायची तयारी ठेवावी लागते.

दुकान स्वारगेटच्या स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर, एका गल्लीत आहे. वडिलांच्या वेळी आम्ही नवरदेवांचे कोट आणि शाळेच्या गॅदरिंगचे पोशाख भाड्याने द्यायचो. त्यांच्यामागे मी दुकान पाहतोय त्याला तीस वर्षं होऊन गेली. पुढे नवरदेव शेरवानीकडे वळले, गॅदरिंगचे पोशाख आया घरबसल्या मोबाइलवरून मागवू लागल्या. शटर कायमचं ओढावं असं मनात यायला लागलं होतं, तेवढ्यात कॉलेजातल्या मुलामुलींना कोट लागायला लागले. शेवटच्या वर्षाला कंपन्या कॉलेजातल्या मुलांच्या मुलाखती घेतात आणि परीक्षेआधीच नोकरी ठरवून टाकतात. त्या मुलाखतीला काळा कोट घालूनच जायचं, असा नियम बहुतेक कॉलेजांनी केला. एक-दोन दिवस घालायचा कोट विकत कोण घेणार? त्यामुळे माझं बरं चाललं.

या अंकाच्या संपादकबाईंचा मुलगा माझ्याकडचाच कोट घालून नोकरीला लागला, म्हणून हा लेख लिहिण्याची वेळ माझ्यावर आली. माझं शिक्षण मॅट्रिकपर्यंतचं. लिहिण्यात कुठे उसवलेलं दिसलं तर बाईंनी टाके घालून घ्यावेत.

बाहेरच्या माणसाला वाटतं, भाड्याचा कोट म्हणजे हँगरवरून काढला आणि हातात ठेवला. तसा दिला तर तो अंगावरही हँगरवर असल्यासारखाच दिसतो. गिऱ्हाईक कोट घालून आरशासमोर उभं राहिलं की मी त्याच्या मागे जातो, पाठीवर जास्तीचं कापड चिमटीत धरतो आणि आतून कच्चा टाका मारतो. कच्चा टाका म्हणजे मोठा, सैल टाका, एका दिवसापुरता. कोट परत आला की एक दोरा ओढायचा, सगळं सुटतं आणि कोट पुढच्या गिऱ्हाइकाला मोकळा होतो. बाही लांब असेल तर ती आत दुमडून तसंच. मुलींची मापं माझी बायको मंगल घेते, टाके मी घालतो. वीस मिनिटांत परका कोट अंगाला असा धरतो की मुलगा स्वतःकडे दोनदा बघतो. तो दुसऱ्यांदा बघतो ना, तेव्हा मला अजून बरं वाटतं.

कोट साठ-पासष्ट, सगळे काळे. लाँड्रीतून आले की कुठला कोणता हे मलाही कळलं नसतं, म्हणून प्रत्येकाच्या आत, मानेमागे, अस्तरावर पांढरी पट्टी आणि तिच्यावर लाल दोऱ्याने नंबर. ही वडिलांची पद्धत. मुलंही कोट नंबरानेच ओळखायला लागली. बारा नंबर घालून लागोपाठ दोघांना चांगल्या नोकऱ्या लागल्या आणि तो कोट पायगुणाचा ठरला. एका सकाळी एकाच कॉलेजचे चौघे जण बारा नंबर मागायला आले. त्यातला एक चांगला आडव्या अंगाचा होता. मी म्हटलं, "अरे, हा घालून तुला नोकरी लागेल, पण मुलाखतीत श्वास घेता येणार नाही." तो म्हणाला, "काका, श्वास नंतर घेईन." शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. ज्याच्या नावाची निघाली त्याला नोकरी लागली नाही, उरलेल्या तिघांपैकी दोघांना लागली. तरी बारा नंबरची मागणी कमी झाली नाही.

स्वतःचा कोट घेऊन येणारेही असतात. एरंडवण्यातल्या एका बंगल्यातून एक बाई मुलाला घेऊन आल्या. मुलाचं नाव अद्वैत. कोट नवाकोरा, भारी कापडाचा, फक्त बाही अर्धा इंच कमी करायची होती. बाहीवर बाहेरून कंपनीच्या नावाची पट्टी तशीच होती.

मी म्हटलं, "ही पट्टी काढून टाकायची असते."

बाई म्हणाल्या, "अहो, मग कळणार कसं?"

"काय कळणार?"

"कुठला आहे ते."

मी त्यांच्यादेखत पट्टी उसवली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती पर्समध्ये जपून ठेवली. मुलगा मात्र ओशाळून हसला. चांगला, नम्र मुलगा. मी सहज विचारलं, "तयारी झाली का?" तो म्हणाला, "हो काका. बाबांचे एक मित्र अशाच कंपनीत मुलाखती घेतात. त्यांनी काल दोन तास समोर बसवून सगळे प्रश्न विचारले. कुठे अडकतो तेही सांगितलं." मी 'वा' म्हटलं आणि बाहीला लागलो. खरं तर त्याच वेळी माझ्या काही लक्षात यायला हवं होतं. पण माझं लक्ष बाहीत होतं.

तेव्हा माझं एक ठाम मत होतं आणि ते मी न विचारताही सगळ्यांना ऐकवायचो. कोट एकदा अंगात गेला की बंगला आणि चाळ सारखीच. एका कॉलेजचे सर कोटांची चौकशी करायला आले होते, तेही तेच म्हणाले. सगळे एकाच पोशाखात आले की भेद उरत नाही, म्हणून हा नियम. मला ते फार पटलं. आपण नुसते कोट देत नाही, सगळ्यांना एका रांगेत आणून उभं करतो, असं मला वाटायचं. ज्याच्याकडे कोट नाही त्यालाच त्या रांगेत उभं राहायला भाडं भरावं लागतं, ही गोष्ट मला दिसत नव्हती. ते भाडं मीच घेत होतो, तेव्हा दिसणार कशी?

मग सारिका आली.

लोणी काळभोरहून बसने आली होती, खांद्यावर सॅक. वडील मार्केट यार्डात हमाल, आई शेतावर कामाला, ही कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. हे सगळं मंगलने माप घेता घेता काढून घेतलं. त्या वर्षी तिच्या शाखेसाठी कॉलेजकडून दोनच कंपन्या मुलाखती घेणार होत्या. त्या गेल्या की कॉलेजची जबाबदारी संपली, पुढे ज्याचं त्याने बघायचं. आणि बघायचं म्हणजे ओळख लागते. तिच्या घरात कंपनीच्या ऑफिसात पाऊल ठेवलेलं कोणीच नव्हतं. पहिली मुलाखत दुसऱ्या दिवशी होती.

सत्तावीस नंबर तिला खांद्यात बरोबर बसला. मी टाके घातले. ती खुर्चीवर बसून बघते म्हणाली. बसली, उठली, पुन्हा बसली. "काका, बसल्यावर बटण उघडायचं ना?" मी म्हटलं, "उघडायचं. लावून बसलं की कोट वर चढतो." हे विचारणारी ती पहिलीच. मला कौतुक वाटलं. मग तिने कोट काढून हातावर घेतला आणि अस्तराकडे बघत राहिली.

"काका, ही नंबरची पट्टी काढून देता का? परत आणताना मी शिवून आणीन."

"आत आहे ती. आत कोण बघतंय?"

"कोट काढायला लागला तर?"

"मुलाखत तुझी आहे का कोटाची?"

दुकानात आणखी दोन मुलं होती, ती हसली. गिऱ्हाइकाला एका वाक्यात गप्प करता आलं की आपल्याकडे हुशारी समजतात, आणि मी त्यात पटाईत आहे. सारिका हसली नाही. कोट नीट घडी घालून पिशवीत ठेवला, भाडं दिलं आणि गेली.

दोन दिवसांनी कोट परत घेऊन आली. मी विचारलं, "काय झालं?"

"नाही झालं."

"असं कसं? तुझे तर मार्क चांगले होते."

तिने पिशवी काउंटरवर ठेवली. तिच्याच शब्दांत सांगायचं तर, कंपनीच्या ऑफिसातला एसी बंद पडला होता. दहा जणांना एका टेबलाभोवती बसवून आधी एका विषयावर बोलायला लावतात, मग एकेकाला आत बोलावतात. उकाडा फार, म्हणून तिथल्या साहेबांनी सगळ्यांना सांगितलं, कोट काढा, आरामात बसा. सगळ्यांनी काढून खुर्च्यांच्या पाठीवर टाकले. कोट असा टाकला की मानेमागचं अस्तरच आधी दिसतं. तिने काढला नाही. साहेबांनी दुसऱ्यांदा सांगितलं, ती म्हणाली, मी ठीक आहे. घाम कपाळावरून डोळ्यांत उतरत होता. बोलायची पाळी आली तेव्हा तिचं निम्मं लक्ष घामाकडे. आत गेल्यावर साहेबांनी पाणी पुढे केलं आणि विचारलं, "तू फार घाबरली आहेस का?" नाही म्हटलं तर तेही घाबरून म्हटल्यासारखं वाटलं असणार. पुढच्या प्रश्नांची उत्तरं येत असूनही तिला नीट देता आली नाहीत.

मी म्हटलं, "अगं, काढायचा की कोट. लाज कसली त्यात? साठ जण नेतात माझ्याकडून."

"साठ जण नेतात म्हणूनच सगळे ओळखतात, काका. आमच्याकडे त्या पट्टीवरून मुलांना 'स्वारगेटवाले' म्हणतात. पहिल्या वर्षाच्या मुलांनासुद्धा माहीत आहे."

ती जायला वळली आणि दारातून म्हणाली, "मुलाखत कोटाचीच होती, काका."

ती रागाने बोलली असती तर मीही काहीतरी बोललो असतो. ती शांतपणे बोलली. मला स्वतःची शरम वाटली, आणि शरम वाटली की मी चिडतो, तसा चिडलोही. मंगलला म्हणालो, "आता याला मी काय करू? नंबर नको तर कोट ओळखायचे कसे?" ती हेमिंग करत होती. मान वर न करता म्हणाली, "नंबर तुमच्या सोयीचा आहे. पोरांना त्याचा काय उपयोग?"

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवलं आणि दोघांनी बसून साठ-पासष्ट कोटांच्या पट्ट्या ब्लेडने उसवल्या. पट्टी काढल्यावर अस्तरावर तिच्या आकाराचा गडद चौकोन उरला होता, म्हणून कित्येकांची तेवढी अस्तरंच बदलली. ओळखीसाठी आतल्या खिशाच्या तळाशी रंगीत दोऱ्याच्या गाठी घातल्या. दोन निळ्या, एक पिवळी, अशा. हात खिशात घालून उलटा केल्याशिवाय कोणाला दिसणार नाहीत. लाँड्रीवाला वैतागला. पहिल्या महिन्यात तीन कोट भलत्याच गिऱ्हाइकांकडे गेले आणि बारा नंबर मागणाऱ्यांना तो कुठला हे सांगता येईना. मी सांगून टाकलं, आता सगळेच बारा नंबर आहेत.

पण माझ्या डोक्यात दुसरंच घोळत होतं. पट्टी गेली, ठीक. त्या एरंडवण्याच्या मुलाला दोन तास समोर बसवून कोणीतरी प्रश्न विचारले होते. सारिकाला कोणी विचारले? माझ्या कोटाने ते दोन तास भरून निघणार नव्हते. इतकी वर्षं मी जिला एक रांग म्हणत होतो, तिच्यात काही मुलं आदल्या दिवशीच येऊन उभी राहिलेली होती.

वहीत फोन नंबर लिहून घेण्याची आमची पद्धत आहे, ती त्या दिवशी कामी आली. अद्वैतला फोन लावला. तो नोकरीला लागून वर्ष झालं होतं. म्हटलं, "तू तुझ्या बाबांच्या मित्रांचं सांगितलं होतंस. तसं एका मुलीला विचारशील का? जागा माझी, चहा माझा." मला वाटलं होतं, टाळेल. तो म्हणाला, "रविवारी येतो. पण काका, मी काही त्यांच्याएवढा अनुभवी नाही." मी म्हटलं, "तिच्यासाठी तू पुष्कळ अनुभवी आहेस."

सारिकाला फोन केला तर ती उचलेना. शेवटी मंगलच्या फोनवरून लावला तेव्हा बोलली. दुसरी कंपनी पंधरा दिवसांवर आली होती. मी म्हटलं, "तुला कोट देतो, भाडं नको." ती म्हणाली, "भाडं घेणार असाल तर येते."

त्या रविवारी दुकानाचं शटर अर्धं खाली करून अद्वैत स्टुलावर आणि सारिका समोर खुर्चीवर बसली. इंग्रजीत काय चाललं होतं ते मला कळत नव्हतं, पण मशीन बंद ठेवून मी ऐकत होतो. पहिला अर्धा तास ती अडखळत होती. एकदा तो थांबला आणि मराठीत म्हणाला, "अगं, येत नसेल तर 'येत नाही' म्हणून सांग. एवढंच शिकायला मला दोन तास लागले होते." त्यावर ती हसली. तिच्या तोंडावर हसू मी पहिल्यांदाच पाहिलं. पुढचा रविवारही त्याने दिला.

कोटाला या वेळी मी कच्चा टाका मारला नाही. मंगलने माप घेतलं आणि मी तो तिच्या अंगाबरोबर पक्का शिवून दिला. भाड्याच्या कोटाला पक्की शिवण घालणं म्हणजे धंद्याच्या दृष्टीने शुद्ध वेडेपणा, पुढच्या गिऱ्हाइकाला तो बसणार नाही. वडील असते तर माझ्या हातातून कात्री काढून घेतली असती.

तिची निवड झाली. फोन मंगलला आला. मंगल रडली, मी बाहेर जाऊन पेढे आणले आणि शेजारच्या दुकानदारांना वाटले. त्यांनी विचारलं, "तुमची कोण?" मी म्हटलं, "गिऱ्हाईक." पेढा खाताना ते माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघत होते. मला आनंद झाला होता आणि तिची पहिली संधी माझ्यामुळे गेली हेही आठवत होतं. ते अजून आठवतं.

तेव्हापासून मुलाखतींच्या दिवसांत दर रविवारी दुकानात ती स्टूल-खुर्ची मांडलेली असते. माझीच जुनी गिऱ्हाइकं, नोकरीला लागलेली, येऊन नव्यांना प्रश्न विचारतात. सगळ्यांना पुरतं असं नाही. खुर्ची एक आणि मुलं खूप. काही चांगली मुलंही राहून जातात, आणि काहींना कोट, खुर्ची, काहीच लागत नाही, त्यांचं आधीच ठरलेलं असतं. पण आता कोणी मला 'कोट घातला की सगळे सारखे ना, मास्तर?' असं म्हणालं, तर मी 'नाही' म्हणतो आणि रविवारी यायला सांगतो.

नोकरी लागल्यावर काही महिन्यांनी सारिका वडिलांना घेऊन आली. पदवीदान समारंभ होता, त्यासाठी तिला त्यांच्याकरता कोट शिवून घ्यायचा होता. माझ्याकडे विकायचा कोट नाही हे तिला चांगलं माहीत होतं. म्हणाली, "विकू नका, शिवून द्या." वडील दारातच उभे. पांढरा सदरा, पायजमा, हातात पिशवी.

"जयभीम, मास्तर," ते म्हणाले. "हिचं काय ऐकू नका. मला कोट कशाला? आमच्या घरात कोट हाय की. भिंतीवर, तसबिरीत. निळा. रोज सकाळी त्याला हात जोडूनच कामाला जातो."

"तो अंगात घालायचा कधी, बाबा?" सारिका म्हणाली.

"त्यांनी घातलाय ना? मग झालं."

मी टेप घेतला आणि त्यांना आरशासमोर उभं केलं. ते आरशात बघेनात, जमिनीकडे बघत राहिले. मी खांदे मापले, आणि पुन्हा मापले. उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला एक इंच खाली. मार्केट यार्डात जन्मभर पोती त्याच खांद्यावर घेतलेली. असा खांदा आला तर शिंपी कोटाच्या त्या बाजूला जास्त पॅड भरतो, मग वरून दोन्ही खांदे सारखे दिसतात. हीच आमची कारागिरी.

मी ते त्यांना समजावून सांगितलं. "कोणाच्या लक्षातही येणार नाही, बघा. सगळ्यांसारखाच दिसेल."

त्यांनी पहिल्यांदा आरशात पाहिलं. डाव्या हाताने उजवा खांदा चाचपला.

"मास्तर, ह्यो कोट परत द्यायचा न्हाई ना?"

"नाही. तुमचाच."

"मग माझ्याच खांद्याचा शिवा."

मी कानावरची पेन्सिल काढली आणि वहीत त्यांच्या नावापुढे लिहिलं, उजवा खांदा एक इंच खाली.